एकही फट सोडली नाही

दौंड,
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय ताईस,

दौंडहून धाकट्या भावाचा प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र पोचेपर्यंत तू नगरच्या महिला संघाच्या सभेवरून परतली असशील, स्वयंपाकघरात गेली असशील आणि खिडकी पाहून मटकन खाली बसली असशील. आभार मानू नकोस. मानायचेच असतील तर पत्राने मान, कारण फोनवर मला ऐकू येत नाही आणि नातेवाइकांच्या ग्रुपमधून तू मला काढून टाकलं आहेस. चर्चच्या पाळकसाहेबांच्या संदेशाखाली मी जांभईचा इमोजी टाकला, एवढ्यावरून सख्ख्या भावाला कुणी काढतं का?

तुझी चिठ्ठी होती, 'स्वयंपाकघराच्या खिडकीला फट पडलीय तेवढी बुजव, आणि वेळ उरला तर रंगाचा हात दे.' ताई, मी रेल्वेत डबे दुरुस्त करण्यात जन्म घालवला. मला कुणी एक फट दाखवली की मी बाकीच्या शोधतो. भिंत आणि चौकट यांच्यात एक होती, ती तुला दिसली. चौकट आणि झडपा यांच्यात चारी बाजूंनी होती, ती तुला आजवर दिसली नव्हती. दोन झडपांच्या मध्ये तर बोट जाईल एवढी. सिलिकॉनच्या नळ्या आणल्या, ती दाबायची बंदूक आणली आणि सगळं भरून काढलं. एकही फट सोडली नाही. आता तिथून उसाच्या ट्रॅक्टरची धूळ येणार नाही, वारा येणार नाही, पालसुद्धा येणार नाही.

रंग तू दुधी सांगितला होतास. दुधी खिडकी म्हणजे दवाखाना, आणि नर्सच्या नोकरीतून तू रिटायर झालीस. म्हणून मी विटकरी दिला, पूर्वी प्रवासी डब्यांना असायचा तसा. आतून दोन हात, बाहेरून बोळात स्टूल टाकून दोन हात. शेवटी आम्ही डब्यावर मारतो तशा पांढऱ्या अक्षरात तारखा मारल्या, आतून आणि बाहेरूनही. वर रंग दिल्याची, ११-२०२५. खाली पुढच्या रंगाची, ११-२०३०.

वेळ उरला म्हणून आणखी कामं केली. नळाचा वायसर बदलला. मांडणीत पलीकडच्या मारुतरावांचं नाव कोरलेली स्टीलची ताटली दिसली. दुसऱ्याची वस्तू घरात पडून राहिलेली मला खपत नाही. राखेने घासली, लख्ख पुसली आणि बोळाला वळसा घालून मुक्तावहिनींच्या हातात देऊन आलो. वहिनी काहीतरी म्हणाल्या. कानाचं मशीन इथे दौंडला डब्यात होतं, त्यामुळे मी 'हो हो' म्हणालो. नाक्यावर मारुतराव भेटले, त्यांनी चहा पाजला. त्यांना म्हटलं, ताईला आता दौंडला न्यायचं चाललंय.

ते मात्र खरंच मनावर घे. तुझी भावजय, फेथ, गेल्यापासून ही मधली खोली रिकामी आहे. दरवर्षी तू तेच सांगतेस, 'सकाळी मुक्ता खिडकीत येते, तिला सोडून कशी येऊ?' खिडक्या दौंडलाही आहेत.

तुझा,
नथानिएल


शिरूर,
१४ नोव्हेंबर २०२५

नथू,

सलाम नंतर. आधी ऐक. खिडकी उघडत नाही.

नगरहून आले, चहा ठेवला आणि रोजच्यासारखी कडी काढून झडप ढकलली. मग खांद्याने ढकलली. मग प्रभूचं नाव घेऊन ढकलली. मग जे नाव घेतलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. चहा उतू गेला. अरे शहाण्या, झडपेच्या भोवतीची ती फट नसते. ती असते म्हणून तर झडप उघडते! एवढं रेल्वेने तुला शिकवलं नाही? तुमच्या डब्यांची दारं लोक कशी उघडायचे?

आणि तुझा विटकरी. लाकडावर बसलाय, पण त्या सिलिकॉनवर रंग धरतच नाही. थेंब थेंब होऊन सरकलाय. कोपऱ्यात नख लावलं तर रंगाची लांबच्या लांब पट्टी हातात आली आणि खाली ते रबर हसतंय. स्वयंपाकघरात दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो. दिव्याच्या उजेडात काय दिसतं, तर मालगाडी. तुझं पत्र मी तारखांपर्यंत वाचलं आणि आंघोळीच्या बंबात घातलं. पाणी चांगलं तापलं.

तुला ही चेष्टा वाटत असेल. मुक्ता सून म्हणून पलीकडच्या घरात आली तेव्हापासून सकाळचा पहिला शब्द आम्ही त्या खिडकीत बोलतो. मारुतरावांची शेती न्हावऱ्याला, ते पहाटेच मोटारसायकल काढून जातात, की ही खिडकीत हजर. ताटली आडवी जावी म्हणून मी एक गज काढून घेतलाय, तो काय तुला चोराने काढला वाटला? मला दोन बातम्या आणि एक शिवी मिळाल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. मी आल्यापासून तिने पलीकडून हाकही मारलेली नाही. आवाज येत नसेल. तुझ्या सिलिकॉनमधून शेवटच्या दिवसाचा कर्णाही ऐकू येणार नाही.

खिडकी कशी उघडायची ते ताबडतोब लिही. स्वतः येऊ नकोस.

सारा


दौंड,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताईस सलाम,

रागावलीस की तुझं अक्षर सुधारतं, हे मी शाळेपासून बघतोय.

आधी उपाय. दाढीचं पातं घे, झडप आणि चौकट यांच्यामध्ये वरून खाली ओढ. नसेल जात तर रबर गरम कर. केस वाळवायचं मशीन असतं ना मुलींकडे, ते. तेही नसेल तर इस्त्री जवळ धर. मऊ पडलं की ओढून काढ. हात सुटला तर रंग पुन्हा देता येतो, डबा अर्धा शिल्लक आहे.

मुक्तावहिनींची काळजी करू नकोस. कांद्याची लागवड चालू आहे, न्हावऱ्याला गेल्या असतील.

मी इकडे तुझ्या खोलीची खिडकी काढलीय. तुला वाटतं मी फक्त दुसऱ्यांच्याच खिडक्या बिघडवतो? या चौकटीवर फेथने लावलेला निळा आहे, त्याखाली हिरवा, त्याखाली बिल्डरने फासलेलं काहीतरी. घासपेपरने घासतो आहे, तर एकेक थर वर येतो आणि सगळे थर माझ्या मिशीत जातात. भेगांत लांबी भरली, वाळली, तडकली. पुन्हा भरली. दुकानदार म्हणतो, 'काका, जरा पातळ भरा.' पातळ भरली तर आत बसली. तुझ्या घरी जे सिलिकॉन इतकं घट्ट बसलं, ते इथे बसायला तयार नाही. माझ्या हातात काय आहे, मला कळत नाही.

कानाचं मशीन का लावत नाहीस, म्हणून ब्लेसी पुण्याहून ओरडते. तूही ओरडतेस. मुलीला सांगत नाही, तुला सांगतो. घरात ऐकण्यासारखं काय आहे? फ्रिज घुरघुरतो, नळ ठिबकतो. एवढ्यासाठी कानात ते बोंडूक कोण कोंबणार?

तुझा,
नथू


शिरूर,
२५ नोव्हेंबर २०२५

नथू,

पातं मोडलं. इस्त्री धरली तर रंगाला फोड आले, शेजारची भिंत काळी झाली आणि घरभर असा वास सुटला की पाळकीणबाई विचारायला आल्या, कुणी काही जाळतंय का. मी म्हटलं, भावाला जाळायचंय, तो सापडत नाही. उजव्या बाजूचं वीतभर रबर निघालं. बाकीचं तुझ्यासारखंच आहे, जेवढं ओढावं तेवढं लांबतं.

आता हसू नकोस. मुक्ता न्हावऱ्याला गेलेली नाही. घरातच आहे.

काल मीच बोळाला वळसा घालून तिच्या पुढच्या दाराशी गेले. इतक्या वर्षांत मी त्या दाराची पायरी फार तर लग्नाकार्याला चढले असेन. तिची नात पूनम दारात आली. म्हणाली, "आजी झोपलीय." सकाळचे अकरा वाजले होते आणि आतून लसूण ठेचल्याचा आवाज येत होता. झोपेत लसूण ठेचणारी बाई मी दवाखान्यातही पाहिली नाही.

मग घरी येऊन विचार करत बसले. दिवाळीचा फराळ आला तेव्हा मी खिडकीतून म्हणाले होते, 'यंदा चकली मऊ पडली गं.' तेवढंच. दुसरं काहीही नाही. ती त्यावर हसली होती. आता वाटतं, हसली नसेल. तिच्या चकलीला मी बोलायला नको होतं. तिला शंभर गोष्टी बोललेल्या चालतात, चकलीला नाही.

नाताळच्या करंज्या करायच्या तर मन होत नाही. मारुतरावांच्या नावाची ती ताटली मांडणीत दिसत नाही. दिवाळीला ती फराळ घेऊन येते आणि नाताळला करंज्या घेऊन परत जाते, दर वर्षीचं आहे. कुठे ठेवली आठवत नाही. म्हातारपण.

सकाळी उठते, कडीला हात जातो, आणि मग आठवतं.

सारा


शिरूर,
२८ नोव्हेंबर २०२५

नथूभाऊंना मुक्ताबाईचा नमस्कार. हे पत्र आजी सांगतीय आणि मी पूनम लिहितीय. आजी म्हणाली, मी बोलते तसंच लिही, शाळेतलं करू नको.

नथूभाऊ, तुमी आमच्या घरला आल्ता, ताटली देऊन गेला. मी बघितलं तर ताटली रिकामी. घासून पुसून रिकामी. आमच्यात काय आन् तुमच्यात काय, ताटली कुनी रिकामी परत देत न्हाई. काय नसलं तर चिमूटभर साखर टाकत्यात. रिकामी ताटली कवा देत्यात, तर संबंध तोडायचा आसंल तवा. मी तुमाला इचारलं, "सारानंच अशी द्याया सांगितली का?" तुमी म्हनला, "हो हो." मला वाटलं माजं ऐकन्यात चूक झाली. मी परत इचारलं, "आता येनंजानं ठेवायचं न्हाई का?" तुमी हासला आन् म्हनला, "हो हो."

मागं जाऊन बघते तर खिडकी बंद. नुसती बंद न्हाई, डिंक लावून बंद. वर रंग. आन् तारीख बी टाकलेली, दोन हजार तीसची. म्हंजी तवर उघडायची न्हाई, असंच ना? तवर मी हाय का न्हाई कुनाला ठावं. आमचे हे संध्याकाळी येऊन म्हनले, सारा दौंडला निघाली, तिच्या भावानं सांगितलं.

जायचं तर जा. भाऊ हाय, न्हेनारच. पर मला सांगाया काय झालं हुतं? तिच्याच हातानं माजी दोन्ही पोरं जगात आली. माजी सासू गेली तवा मी कुनाच्या म्होरं रडले न्हाई, खिडकीत जाऊन तिच्या म्होरं रडले. परवा ती दारात आल्ती. मी पूनमला म्हनलं, झोपले म्हन. निरोप घ्याया आली आसंल. मला न्हाई घ्यायचा निरोप.

तिला काय बी सांगू नगा. ती कवा निघनार त्यो दिस तेवढा कळवा. मी त्या दिशी माहेरला, इनामगावला जाऊन बसते. तिचं सामान गाडीत चढताना मला बघायचं न्हाई.

मुक्ताबाई

(आजी रडतीय, पण हे लिहू नको म्हणाली. पूनम.)


शिरूर,
१ डिसेंबर २०२५

नथू,

खोली तयार ठेव. येते दौंडला.

चर्चमध्ये नाताळची उपासना करते आणि नवीन वर्ष लागलं की येते. पलीकडे रेडिओ लागतो, भांडी वाजतात, पूनमला हाका मारलेल्या अंधुक ऐकू येतात. मला हाक नाही. मुक्ता बोलत नसेल तर या घरात मी कुणाशी बोलू? मालगाडीशी?

आता तरी तुला बरं वाटेल. किती वर्षं मागे लागला होतास.

माझ्या खोलीच्या खिडकीला दुधी रंग दे. आणि ती उघडू दे.

सारा


दौंड,
४ डिसेंबर २०२५

माझ्या लाडक्या ताईस प्रेमपूर्वक सलाम,

तुझं पत्र वाचून डोळे भरून आले. खोली तयार आहे. खिडकीला दुधी रंग दिला, तोही तुला हवा तसा, साय धरलेल्या दुधासारखा. सगळे थर खरवडले, प्रायमर दिला, बिजागऱ्यांना तेल घातलं. एका बोटाने उघडते. दिवसातून मी दहा वेळा उघडझाप करून बघतो. तारीख मारलेली नाही.

खिडकीतून रेल्वेलाइन दिसते. डेमू दिसते, मालगाड्या दिसतात, स्टेशनाकडे धावणारी माणसं दिसतात. तुझा वेळ मजेत जाईल. संडे मार्केटला तुला रिक्षाने नेईन. जुन्या गोष्टी मनात ठेवू नकोस, लाडक्या ताई. माणसं बदलतात. शेजारीपाजारी काय, आज आहेत, उद्या नाहीत. शेवटी आपलं माणूस ते आपलं.

येताना सामान फार आणू नकोस.

तुझाच,
नथू


दौंड,
९ डिसेंबर २०२५

ताई,

मागच्या पत्रात मी तुला दोनदा लाडकी म्हटलं, तेव्हाच तुला शंका यायला हवी होती.

सोबत मुक्तावहिनींचं पत्र आहे. तारीख बघ. ते माझ्याकडे तुझ्या होकाराआधी आलं होतं. आधी ते वाच, मग माझं.

वाचलंस? आता कळलं ना, चकली कुठेच नाही. सगळीकडे मीच आहे. ताटली मी दिली, मांडणीतून उचलून, रिकामी. फराळाची देवाणघेवाण फेथ बघायची, मला ताटलीत फक्त दुसऱ्याचं नाव दिसलं. 'हो हो' मी म्हणालो, तेही एकदा नाही. आणि तू माझं पहिलं पत्र अर्धं वाचून बंबात घातलंस, त्यात हे सगळं मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं. त्या बंबाचा मला राग आहे, पण तो मी मागाहून करेन.

पत्र आलं त्या दिवशीच तुला पाठवायला हवं होतं. पाकीटसुद्धा घेतलं. मग तुझं पत्र आलं, 'येते दौंडला.' ताई, मी ते टेबलावर ठेवलं आणि मुक्तावहिनींचं पत्र फेथच्या बायबलखाली सरकवलं. म्हटलं, बाईच म्हणतेय ना, तिला काही सांगू नका. मी आज्ञाधारक माणूस आहे.

काल दुपारी तुझ्या खोलीत खुर्ची टाकून त्या खिडकीत बसलो. म्हटलं, बघू तरी तू काय बघशील. गाडी गेली. माणसं गेली. दुसरी गाडी गेली. एवढ्या माणसांत एकानेही खिडकीशी थांबून विचारलं नाही, आज काय केलंस म्हणून. आणि तू तिथे बसलेली मला दिसलीस. माझ्यासारखीच. मला घरात माणूस हवं होतं, ताई, खूप हवं होतं, पण असलं नको. एका घरात दोन माणसं गाड्या मोजत बसलेली, यात मला काय मिळालं?

मला ग्रुपमधून काढलं होतंस ते बरोबरच होतं. आता घराण्यातून काढ. पण आधी वळसा घालून त्यांच्या दाराशी जा. झोपलेत म्हणाले तरी आत जा.

तुझा अपराधी,
नथू


शिरूर,
१४ डिसेंबर २०२५

नथू,

वळसा घालण्याएवढा धीर मला नव्हता. दोन्ही पत्रं तिथेच ओट्याशी उभ्याने वाचली, मटणाचा सुरा घेतला, खलबत्त्याचा बत्ता घेतला आणि खिडकीवर तुटून पडले. सुरा फटीत घालायचा आणि वरून बत्ता हाणायचा. 'लेकरा नथानिएल' असं म्हणत हाणलं की हात चांगला बसतो.

पलीकडे आवाज गेला. थोड्या वेळाने बोळातून ओरडणं ऐकू आलं, "आगं, खिडकी बी काढून न्हेतीस का दौंडला?"

मी आतून ओरडले, "मी कुठे जात नाहीये! ताटली नथूने दिली! त्याला ऐकू येत नाही!"

मग म्हणाली, "आन् तारीख?"

"रंगाची आहे ती! पुढच्या रंगाची! तो डब्यांवर टाकायचा!"

"त्या मुडद्याला म्हनाव, आमच्या म्हशीवर बी टाक!" असं म्हणाली आणि गेली. मला वाटलं, संपलं. ती गेली होती कोयता आणायला. नथू, तिने बाहेरून आणि मी आतून जे काही चालवलं ते पाहायला तू हवा होतास, म्हणजे तुझ्यावरच चालवलं असतं. उजवी झडप बिजागरीसकट उखडली आणि बोळात पडली. तुझी तारीख चिखलात पालथी. आणि समोर मुक्ता, घामाने निथळलेली, हातात कोयता, डोक्याला विटकरी रंगाचे टवके.

मी रडत होते. तीही रडत होती. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "चकली मऊ न्हवती." तेवढं सोडून सगळं मिटलं. त्यावर आमचं अजून चालू आहे.

ती म्हणते, इनामगावला जमिनीतून हजारो वर्षांपूर्वीची मडकी निघतात, अजून रंग शाबूत असतो. नथूभाऊंच्या रंगाने दिवाळी ते नाताळ काढला नाही.

आता तुझं. तू पत्र दडवलंस त्याचा राग आहे. तो मी तू समोर आलास की करेन, लिहून कागद कशाला घालवू? पण दडवून ठेवू शकला असतास आणि पाठवलंस. तू दौंडला एकटा बसून फ्रिज ऐकतोस, हे वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी इतकी वर्षं माझी खिडकी सांभाळली आणि तुझ्याकडे काय आहे ते विचारलं नाही.

म्हणून मी दौंडला येत नाही, तू इकडे ये. नाताळला ये आणि परत जाऊ नकोस. ब्लेसीला मी फोन केला, ती म्हणाली, 'आत्या, तुला सहन होईल का?' मी म्हटलं, बघू. दौंडच्या घराचं काय करायचं ते मागाहून ठरव, दुधी खिडकीमुळे भाडेकरू तरी चांगला मिळेल. इथे एक झडप नाही, थंडी सरळ आत येते. कोणीतरी ती बसवायला हवी. उघडेल अशी.

पूनम शनिवारी कामाला दौंडला येतेय. तिच्याबरोबर मुक्ताने तुझ्यासाठी ताटली पाठवलीय. मारुतरावांच्या नावाचीच. ताज्या चकल्या आहेत. ती म्हणाली, "त्येंना म्हनाव, आता ताटली तुमच्याकडं हाय. बघू कशी आनून देताय."

ग्रुपमध्ये तुला परत घेतलंय. पाळकसाहेबांच्या खाली काही टाकू नकोस.

तुझी,
ताई


दौंड,
२१ डिसेंबर २०२५

प्रिय ताईस,

ताटली पोचली. चकल्या मऊ नव्हत्या. हे मुक्तावहिनींना माझ्या नावाने सांग, आणि तुला काय वाटतं ते निदान नाताळपर्यंत गिळ.

परवाच्या एसटीने येतो. दोन बॅगा, हत्यारांची पेटी आणि मांडीवर ताटली. आधी वाटलं होतं, साखर भरून आणावी, सुटलो. मग फेथचं लाटणं काढलं आणि करंज्या करायला बसलो. सारण गोड झालंय, पीठ जाड झालंय, आकार एकाचा दुसऱ्याला नाही. पण कडा मी अशा दाबल्या की तेलात एकही फुटली नाही. शेवटी माझी विद्या कुठेतरी कामाला आली. एकीवरही तारीख टाकलेली नाही.

झडप बसवताना तू आणि मुक्तावहिनी, दोघी उभ्या राहा. मी काय भरतो, कुठे भरतो, ते बघा. रंग दुधीच आणतोय.

माझी खाट स्वयंपाकघरात टाक, खिडकीच्या बाजूला. सकाळी तुमचं चालू झालं की मला उठवायला येऊ नकोस, मी जागाच असेन. मशीनमध्ये नवे सेल घातलेत.

तुझा,
नथू